पुण्याच्या सीओईपीत खरंच देशातली सर्वांत मोठी दुर्बीण होती का?

संगमपूल

नमस्कार मंडळी. माझ्या मुलीला यंदा पुण्याच्या सीओईपीत, म्हणजे कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगात, प्रवेश मिळाला, इलेक्ट्रॉनिक्सला. घरात सगळेच खूश आहेत, पण सगळ्यांत जास्त आनंद झालाय माझ्या सासऱ्यांना. वय ब्याऐंशी. उभा जन्म शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं. पेढा हातात धरून ते नातीला म्हणाले, "तुझ्या कॉलेजात एके काळी देशातली सर्वांत मोठी दुर्बीण होती, ठाऊक आहे का तुला?" मुलीनं माझ्याकडे बघितलं, मी नवऱ्याकडे. कोणालाच ठाऊक नव्हतं. पुढचं त्यांनाही नीट आठवेना. कोणी पारशी प्राध्यापक होते आणि कुठल्याशा संस्थानिकानं पैसे दिले होते, एवढंच म्हणाले.

मी त्या कॉलेजवरून रोज बसनं जाते. विश्वेश्वरय्या तिथं शिकले हे लहानपणापासून ऐकलंय. पण दुर्बीण? इंजिनिअरिंग कॉलेजात दुर्बिणीचं काय काम? खरंच होती का, कोणाची होती, आणि आता कुठे आहे? सासरे रोज संध्याकाळी विचारतात, "काही सापडलं का?" त्यांना खात्रीचं काही सांगता आलं तर फार बरं वाटेल.

पर्वतीपायथा

ताई, आजोबांचा थोडा गोंधळ होत असेल. पुण्याजवळची मोठी दुर्बीण म्हणजे नारायणगावच्या पुढे खोडदची, जीएमआरटी. ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना. ती रेडिओ दुर्बीण आहे, आणि तिचा सीओईपीशी काही संबंध नाही.

जेऊरकर

पर्वतीपायथा, खोडदची माहिती बरोबर आहे, पण आजोबा सांगतायत ती गोष्ट तिच्या शंभर वर्षं आधीची आहे. संगमपूल ताई, सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा. त्यांचं म्हणणं खरं आहे. तो पारशी प्राध्यापकही खरा आणि तो संस्थानिकही खरा. विषय माझ्या फार जवळचा आहे, म्हणून जरा लांबण लागेल.

मी १९७२ ते १९७६ तिथं सिव्हिलला होतो. गाव जेऊर, तालुका करमाळा, जिल्हा सोलापूर. मी पुण्याला आलो तेव्हा गावाकडे दुष्काळी कामांवर खडी फोडणं चाललं होतं, आणि गावातली दोन माणसं मला एसटीपर्यंत सोडायला कामावरची हजेरी बुडवून आली होती. पुढे नोकरी पाटबंधारे खात्यात झाली. गावाचं नाव मुद्दाम सांगतोय, त्याचं कारण पुढे येईल.

प्राध्यापकांचं नाव कावसजी दादाभाई नायगमवाला. आधी ते मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात होते. १८८२ साली भावनगरचे महाराज तख्तसिंहजी त्या कॉलेजात आले. नायगमवालांना वर्णपट (उजेड फोडल्यावर दिसणारा रंगांचा पट्टा) तपासायची, म्हणजे स्पेक्ट्रोस्कोपीची, प्रयोगशाळा उभारायची होती. महाराजांनी ५,००० रुपये दिले आणि मुंबई सरकारनं तेवढेच घातले. १८८४ साली नायगमवाला उपकरणं ठरवायला इंग्लंडला गेले. तिथल्या जाणत्या लोकांनी सांगितलं की नुसती प्रयोगशाळा कशाला, वेधशाळाच करा. परत आल्यावर १८८५ साली त्यांची नेमणूक पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये झाली आणि १८८८ साली वेधशाळा पुण्यात उभी राहिली. नाव महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा. तिच्यातली मुख्य दुर्बीण डब्लिनच्या ग्रब कंपनीची, २० इंची आरशाची. आजच्या मापात सांगायचं तर आरसा साधारण ५१ सेंटिमीटरचा. पुढे कित्येक दशकं देशात याहून मोठी दुर्बीण नव्हती.

कॉलेज ऑफ सायन्स म्हणजेच आपलं सीओईपी. या संस्थेची नावं इतक्यांदा बदलली की माणूस चकतो. १८५४ साली सुरू झाली तेव्हा नाव होतं पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल. सरकारी बांधकामांवर हाताखालची माणसं लागत होती, ती तयार करायला काढलेली शाळा. १८६५ साली गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांनी दगडी इमारतीची कोनशिला बसवली. १८८० साली शेतकी आणि वनविद्येचे वर्ग आले, तेव्हा नाव कॉलेज ऑफ सायन्स झालं. १९११ साली कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग झालं, आणि २०२२पासून ते विद्यापीठ आहे. त्यामुळे विश्वेश्वरय्या १८८३ साली पदवी घेऊन बाहेर पडले तेव्हा ते 'कॉलेज ऑफ सायन्स'चे विद्यार्थी होते. त्यांची आणि नायगमवालांची गाठ मात्र तिथं पडली नाही, दोन वर्षांनी चुकली.

आता या दुर्बिणीनं केलं काय, ते सांगतो. माझ्या मते यापेक्षा मोठी गोष्ट त्या आवारात फार थोड्या वेळा घडली असेल.

मृग नक्षत्रात जो तेजोमेघ आहे, त्याच्या उजेडाचा वर्णपट काढला की हिरव्या भागात एक ठळक रेघ दिसते. ती कशाची, हे त्या काळी कोणाला उलगडत नव्हतं. सूर्याच्या अभ्यासातलं तेव्हाचं सर्वांत मोठं नाव म्हणजे नॉर्मन लॉकियर. त्यांचं म्हणणं असं की तेजोमेघ म्हणजे एकमेकांवर आपटणाऱ्या उल्कांचे थवे, आणि ती रेघ म्हणजे तापलेल्या मॅग्नेशियमच्या पट्ट्याची कड. हे म्हणणं तपासायचा मार्ग तसा सरळ होता. पट्ट्याची कड असेल, तर वर्णपट ताणून मोठा केल्यावर ती एका बाजूला पुसट होत जाणार. स्वतंत्र वायूची रेघ असेल, तर कितीही ताणली तरी दोन्ही बाजूंनी धारदार राहणार. नायगमवालांनी पुण्यातून ती रेघ पाहिली. कशीही पाहिली तरी ती धारदारच राहिली. १८९१ साली त्यांनी ते इंग्लंडच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या पत्रिकेत छापलं. ज्या लॉकियरना ते मानत होते, त्यांच्याच सिद्धांताच्या विरोधात जाणारी ही नोंद होती. त्यांनी जे दिसलं ते लिहिलं.

ती रेघ ऑक्सिजनची आहे, दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या विरळ ऑक्सिजनची, हे कळायला १९२७ साल उजाडावं लागलं. ते काम अमेरिकेतल्या आयरा बोवेन यांचं. पण ती मॅग्नेशियमची कड नाही, हे पुण्यातून छत्तीस वर्षं आधी सांगून झालं होतं.

आता माझ्या गावाकडे येतो.

आमच्या घरात एक गोष्ट चालत आलेली. माझी पणजी आजीला सांगायची, आजी मला. गावाबाहेरच्या माळावर साहेब लोकांनी तंबू ठोकले, मोठाली नळकांडी आभाळाकडे लावली, आणि एक दिवस भरदुपारी दिवस मावळला. पणजी तेव्हा पोटुशी होती. गरोदर बाईनं ग्रहण बघायचं नाही, म्हणून तिला आतल्या खोलीत बसवून दार लावून घेतलेलं. तिनं आभाळ पाहिलंच नाही. ती सांगायची, "छपरातनं कवडसे पडत हुते, त्येचे इळे झाले. सगळ्या भुईवर इळेच इळे." लहानपणी मला वाटायचं, घाबरलेल्या बाईला काहीतरी भास झाला असणार.

१६ फेब्रुवारी १९८०ला खग्रास सूर्यग्रहण होतं. त्याचा पट्टा कर्नाटकातून जात होता. मी खात्यातल्या दोन मित्रांबरोबर रायचूर जिल्ह्यात गेलो. दुपारी एका लिंबाच्या झाडाखाली आम्ही वाट बघत बसलो होतो. सहज खाली पाहिलं, तर पानांच्या फटींतून पडलेला प्रत्येक कवडसा कोरीसारखा झालेला. शेकडो कोरी, सगळ्या एकाच दिशेला वळलेल्या. बारीक भोकातून सूर्याचंच चित्र जमिनीवर पडतं, हे मला कॉलेजात शिकवलेलं होतं, परीक्षेत लिहिलेलंही होतं. पण पणजीचे विळे तेच, हे त्या झाडाखाली कळलं. दार लावून घेतलेल्या खोलीत बसून तिनं ग्रहणाची अचूक नोंद केली होती. मला तिथं रडू आलं, हे सांगायला मला संकोच वाटत नाही.

तरीही ते तंबू कोणाचे, हे मला ठाऊक नव्हतं. ते कळलं निवृत्तीनंतर. एका ग्रंथालयात जुने सरकारी अहवाल चाळत होतो. पुण्याच्या महाराजा तख्तसिंहजी वेधशाळेचं १९०२चं प्रकाशन हाताला लागलं, खंड पहिला. विषय, २१-२२ जानेवारी १८९८चं खग्रास सूर्यग्रहण, 'पश्चिम हिंदुस्थानातील जेऊर येथून पाहिलेले'. लेखक के. डी. नायगमवाला. माझ्या गावाचं नाव मुखपृष्ठावर, आणि तेही माझ्या कॉलेजच्या वेधशाळेच्या अहवालावर! चार वर्षं त्या आवारात राहिलो आणि कधी कोणाला विचारलं नाही, याची चुटपुट अजून आहे.

जेऊर कशामुळे निवडलं असेल, हे आमच्याकडचा माणूस चटकन सांगेल. सावलीचा पट्टा तिथून जात होता, रेल्वेचं स्टेशन होतं, आणि जानेवारीत आमच्या माळावर ढग शोधून सापडत नाही. कॅलिफोर्नियाच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेलही त्यांची उपकरणं घेऊन जेऊरलाच आले होते. जेमतेम दोन मिनिटांच्या अंधारासाठी! आणि काळ कसला, तर पुण्यात प्लेगचा. आदल्याच वर्षी रँडचा वध झालेला. त्या दिवसांत पुण्याच्या कॉलेजातला एक प्राध्यापक पेट्यांमधून भिंगं, आरसे, काचेच्या फोटोप्लेट घेऊन आमच्या माळावर येतो आणि काम तडीस नेतो.

शेवट सांगायला जड जातं. १९११ साली कॉलेजच्या नावातलं सायन्स गेलं. १९१२ साली नायगमवाला निवृत्त झाले, आणि वेधशाळा त्यांच्याबरोबरच बंद झाली. दुर्बीण कोडईकनालच्या सरकारी वेधशाळेत गेली. तिथं तिला 'भावनगर दुर्बीण' म्हणतात. पुढे हिमालयात मोठ्या वेधशाळेसाठी जागा शोधायची होती, तेव्हा ती लेहला नेली गेली. लडाखात हानलेला आज ४,५०० मीटर उंचीवर दोन मीटरची दुर्बीण आहे. लडाखच्या आभाळाची पारख करायच्या कामात पुण्याच्या या जुन्या दुर्बिणीचा हात लागलेला आहे.

ताई, तुम्ही विचारलंत की इंजिनिअरिंग कॉलेजात दुर्बिणीचं काय काम. अहो, दुर्बीण हेच मुळात इंजिनिअरचं काम आहे. पृथ्वी फिरते तशी दुर्बीण उलट फिरवत राहायला घड्याळी यंत्रणा लागते. तिच्या दातेरी चाकात केसाएवढी खोट असली तरी तारा हलतो. खालचा चौथरा इमारतीपासून सुटा बांधावा लागतो, नाहीतर कोणी जिना चढला तरी प्रतिमा थरथरते. मी धरणांवर काम केलं. भिंतीच्या आत लावलेल्या उपकरणांवरून मिलिमीटरच्या अंशांत हालचाल मोजायची आणि आकडा मनासारखा नसला तरी तोच वहीत लिहायचा, हे रोजचं. खडकवासल्याला विश्वेश्वरय्यांचे स्वयंचलित दरवाजे १९०३ साली बसले. पाणी ठरावीक पातळीच्या वर चढलं की आपोआप उघडायचे, उतरलं की मिटायचे. धरणाची भिंत न वाढवता साठा वाढला. त्याबद्दल सगळे बोलतात आणि बोलावंच. पण त्याच सुमारास त्याच कॉलेजात एक माणूस ताऱ्यांच्या रेघा मोजत होता, हे त्याच दमात सांगितलं जावं, असं मला मनापासून वाटतं.

बंदरावरचा

जेऊरकर काका, वाचून अंगावर काटा आला. मी विजयदुर्गचा. त्याच २२ जानेवारी १८९८च्या ग्रहणाला तुमचे लॉकियर आमच्या किल्ल्यावर होते! त्यांच्या दुर्बिणींसाठीचे 'साहेबाचे कट्टे' अजून आहेत. हीलियमचा शोध तिथंच लागला असं आम्ही लहानपणापासून ऐकतो. मग लॉकियर विजयदुर्गात आणि नायगमवाला जेऊरला, एकाच सावलीच्या वाटेवर?

जेऊरकर

हो, एकाच सावलीत. सावली आधी तुमच्या किनाऱ्यावर चढली, मग आमच्या माळावर आली. ज्यांच्या मताला नायगमवालांनी सात वर्षांपूर्वी छेद दिला, ते लॉकियर आणि नायगमवाला त्या दुपारी काही मिनिटांच्या अंतरानं एकच काळा सूर्य बघत होते.

हीलियमबद्दल मात्र तुमच्या गावाचा मान राखून थोडं वेगळं सांगतो. हीलियमची पिवळी रेघ १८६८ची. १८ ऑगस्टच्या त्या ग्रहणाला फ्रान्सचे जान्सेन आंध्रात गुंटूरला होते. लॉकियर त्या वर्षी हिंदुस्थानात आले नव्हते. त्यांनी ऑक्टोबरात इंग्लंडमधूनच, ग्रहण नसताना, सूर्याच्या कडेला ती रेघ पाहिली आणि हे नवं मूलद्रव्य आहे असं ओळखलं. पृथ्वीवर हीलियम सापडला तो १८९५ साली, रॅमसे यांना. म्हणजे लॉकियर विजयदुर्गाला आले तेव्हा त्यांचं म्हणणं खरं ठरून तीन वर्षं झाली होती. कट्टे खरे आहेत, साहेबही खरा आहे, फक्त साल १८९८चं. त्या कट्ट्यांची निगा राखा. आमच्या माळावर तेवढंही उरलेलं नाही.

भोसरी_शेड

हीलियमचं नाव निघालं म्हणून लिहितो, एरवी मी फक्त वाचतो. माझा पत्रा कापायचा धंदा आहे. आमच्या शेडमध्ये पहिलं लेझर मशीन आलं ते सीओटू लेझरचं. त्याला तीन वायू लागायचे, कार्बन डायऑक्साइड, नायट्रोजन आणि हीलियम. नायट्रोजन ऊर्जा घेऊन कार्बन डायऑक्साइडला देतो, हीलियम उष्णता ओढून घेतो आणि वापरून झालेले रेणू पुन्हा कामाला मोकळे करतो. हीलियमची नळी संपत आली की माझ्या पोटात गोळा यायचा, इतका तो महाग. आता बहुतेक काम फायबर लेझरवर गेलंय, पण जाड ॲक्रिलिक कापायला जुनं मशीनच लागतं.

हा लेझर ज्यांनी शोधला ते सी. कुमार पटेल जन्मानं बारामतीचे आणि १९५८चे सीओईपीचे पदवीधर. १९६४ साली अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये त्यांनी तो चालवून दाखवला. पत्रा कापण्यापासून शस्त्रक्रियेपर्यंत जगभर वापरला गेला. मशीन बसवायला आलेल्या परदेशी इंजिनिअरला मी हे सांगितलं, तेव्हा त्यानं बारामती नकाशावर कुठे आहे ते दाखवायला लावलं. इथून शंभर किलोमीटर म्हटल्यावर तो मशीनकडे बघतच राहिला. पटेलांच्या दोन वर्षं आधी, १९५६ला, सीओईपीतूनच थॉमस कैलाथ बाहेर पडले. जन्म पुण्याचा. पुढे एमआयटीतून डॉक्टरेट, आणि संदेशवहनाच्या गणितात आज त्यांच्यावाचून पान हलत नाही. ताई, तुमची मुलगी इलेक्ट्रॉनिक्सला आहे, तिला ही दोन नावं नक्की सांगा.

संगमपूल

सगळ्यांचे कसे आभार मानू कळत नाही. काल रात्री सगळे प्रतिसाद सासऱ्यांना मोठ्यानं वाचून दाखवले. 'नायगमवाला' ऐकल्यावर ते ताडकन उठून बसले. म्हणाले, "हेच! हेच नाव!" मृगातल्या त्या रेघेचा भाग त्यांनी मला दोनदा वाचायला लावला. पणजीच्या विळ्यांपाशी मलाच पुढे वाचता येईना, मग मुलीनं वाचलं.

मुलगी विचारतेय, काका, आता खग्रास ग्रहण आपल्याकडे कधी?

जेऊरकर

२ ऑगस्ट २०२७ला आपल्याकडे संध्याकाळी खंडग्रास दिसेल. पावसाळा आहे, ढगांचं सांगता येत नाही. मिळालं तर डोळ्यांना योग्य चष्मा लावूनच बघा, आणि एकदा झाडाखाली जमिनीकडेही बघा.

खग्रास मात्र २० मार्च २०३४ला. सावलीचा पट्टा लडाखातून जाईल, जिथं पुण्याची ती दुर्बीण गेली होती त्याच मुलखातून. मी असलो तर ऐंशीचा असेन. मुलीला सांगा, तोवर ती नोकरीला लागलेली असेल, आठ दिवसांची रजा आत्तापासून राखून ठेव. आजोबांसाठी मी जेऊरच्या अहवालाच्या पहिल्या काही पानांच्या छायाप्रती काढून ठेवल्यात. पुढच्या महिन्यात पुण्याला येतोय, तेव्हा कॉलेजच्या फाटकापाशी भेटू. त्यांना रिक्षानं आणा, आत फार चालावं लागणार नाही असं बघू.